पाच जणांनी जिंकलेली मॅच

दिवस ६३६. आजचा श्लोक : अध्याय १८, श्लोक १४.



आज पोस्ट उशिरा येतेय, त्याबद्दल क्षमस्व. खरं तर काल रात्रीच एक पोस्ट लिहून तयार ठेवली होती. सकाळी उठल्यावर ती पुसून टाकली. का पुसली, तेच आजचं चिंतन.

काल शनिवार. घरात सगळे झोपले होते आणि मी हॉलमध्ये दिवा बंद करून मोबाईलवर टेनिसचा गेम खेळत होतो. रोज श्लोकावर लिहिणारा माणूस रात्री साडेबाराला गेम खेळतो, हे वाचून काहींच्या भुवया उंचावतील. पण खोटं कशाला सांगू? खेळतो.

ज्यांनी असा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समोर कॉम्प्युटर नसतो, खरा माणूस असतो. जगात कुठेतरी तोही आपल्यासारखाच मोबाईल घेऊन बसलेला असतो. अंगठा सरकवला की आपला खेळाडू पळतो, झटका दिला की फटका बसतो. या गेममध्ये अख्खी मॅच म्हणजे एकच टायब्रेक. जो आधी ७ पॉइंट करेल तो जिंकला, पण दोघांत २ पॉइंटचा फरक हवा. ६-६ झालं तर फरक पडेपर्यंत खेळत राहायचं. जिंकलं की रँकिंग वर, हरलं की खाली. वरच्या लीगच्या दारात मी तीन आठवडे अडकून होतो. एक पायरी वर, दोन पायऱ्या खाली, असं चाललं होतं.

कालच्या मॅचमध्ये मी २-६ असा मागे पडलो. म्हणजे समोरच्याला जिंकायला एकच पॉइंट हवा आणि त्यासाठी त्याच्या हातात चार संधी. मला चारही वाचवायच्या होत्या.

तोपर्यंत मी काय करत होतो, तर प्रत्येक फटका कोपऱ्यात, अगदी रेषेवर मारायला बघत होतो. निम्मे बाहेर जात होते. २-६ ला मनात आलं की आता गेलीच आहे मॅच, तर निदान सरळ खेळू. कोपरे सोडले, मधोमध पण खोल फटके मारायला लागलो. माझी सर्व्हिस होती, तो पॉइंट मिळाला. ३-६. मग त्याच्या दोन सर्व्हिस. त्या दोन्ही मी परतवल्या आणि दोन्ही पॉइंट मला. ५-६. माझ्या पुढच्या दोन सर्व्हिसवर आधी ६-६ आणि मग ७-६. त्याने ७-७ केलं. पुढच्या पॉइंटला त्याचा फटका बाहेर गेला, ८-७. शेवटची सर्व्हिस माझी. ९-७. जिंकलो!

आणि मी ओरडलो. रात्री पाऊण वाजता.

आई सध्या गावाहून आमच्याकडे आलीये. ती घाबरून बाहेर आली. "काय झालं रे?"

"काही नाही गं, जिंकलो."

"कोणाला हरवलंस?"

मी मोबाईल बघितला. तिथे एक टोपणनाव होतं, त्यापुढे चार आकडे. "माहीत नाही," म्हटलं.

आई थोडा वेळ त्या स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. झोप आता. त्यालाही झोपू दे."

मी झोपलो नाही. लॅपटॉप उघडला आणि तासाभरात पोस्ट लिहिली. दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की सुख-दुःख, लाभ-हानी, जय-पराजय समान मान आणि मग युद्धाला उभा राहा. ते घेऊन मी लिहिलं की बघा, २-६ वर मागे असताना मी स्कोअर मनातून काढून टाकला, समत्व साधलं आणि म्हणून जिंकलो. वाचायला छान झाली होती पोस्ट. जय-पराजय समान मानणारा माणूस जिंकल्यावर ओरडून म्हातारी आई जागी करतो, हे मात्र मी त्यात लिहिलं नव्हतं.

सकाळी अंघोळ, पूजा करून नेहमीसारखा आजचा श्लोक उघडला. क्रमाने आलेला. मी निवडलेला नाही.

कालच्या १३व्या श्लोकात आपण पाहिलं की कोणतंही कर्म पूर्ण व्हायला पाच कारणं लागतात, ती माझ्याकडून समजून घे, असं भगवंत म्हणाले. आज ते पाचही नावं सांगतात. अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली आणि पाचवं दैव. पुढे १५व्यात येतं की शरीराने, वाणीने, मनाने माणूस जे काही करतो, मग ते योग्य असो वा अयोग्य, त्याची कारणं हीच पाच. आणि १६व्यात येतो फटका. असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला खरं दिसतच नाही.

मी म्हटलं, बघू तरी. गेममध्ये जुनी मॅच पुन्हा बघायची सोय असते. देवघरासमोरच बसून कालची मॅच लावली.

३-६ आणि ४-६ ला त्याच्या ज्या दोन सर्व्हिस मी परतवल्या आणि ज्यावर खूश होतो, त्या पॉइंटना त्याचा खेळाडू हललाच नव्हता. बॉल त्याच्यापासून दोन पावलांवरून गेला आणि तो जागेवर पुतळ्यासारखा उभा. नंतर एकदम भलत्याच ठिकाणी प्रकटला. त्याच्या नावाशेजारी नेटचं छोटं लाल चिन्ह लागलेलं होतं. रात्री मला ते दिसलंच नव्हतं. रात्री मला वाटलं होतं, काय फसवलंय मी याला!

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे हे काय असतं ते मला चांगलं कळतं. दोन मोबाईल एकमेकांशी थेट बोलत नसतात. मध्ये सर्व्हर असतो, तो पंच. मी अंगठा हलवला की निरोप सर्व्हरला जातो, तिथून त्याच्याकडे. काचेच्या तारेतून प्रकाशालाही १००० किलोमीटर जायला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. सर्व्हर ४००० किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन ४० मिलिसेकंद नुसत्या वाटेत गेले. वायफाय, राउटर, मोबाईलचा टॉवर यांचा वेळ वेगळा. एवढं चालतं, डोळ्याला कळत नाही. पण मध्येच निरोप अडकले, हरवले, तर तो बिचारा अंगठा सरकवतोय आणि सर्व्हरपर्यंत काही पोचतच नाही. पंचाच्या दृष्टीने तो उभाच आहे. मग निरोप पोचायला लागले की खेळाडू उडी मारून दुसरीकडे दिसतो. ही उडी पाहिली की नेटवर्कवर काम केलेला कोणीही ओळखेल.

आणि त्यानंतरचं? एकदा नेट अडखळलं की माणूस घाबरून प्रत्येक फटका घाईत मारतो. मी स्वतः मारलेत. ८-७ ला त्याचा बाहेर गेलेला फटका तसाच होता.

मग रात्रीची पोस्ट उघडली. त्यात 'मी' हा शब्द किती वेळा आलाय ते शोधून मोजलं. कॉम्प्युटरला शोधायला सांगितलं की तो 'कमी'तलाही 'मी' दाखवतो आणि 'नेहमी'तलाही. ते वगळून २३ वेळा. पाचशे शब्दांची पोस्ट. लाल चिन्ह एकदाही नाही. पोस्ट पुसली.

आता श्लोकाकडे वळू. विद्वानांनी माझ्या ढोबळ मांडणीला माफ करावं, मी मला समजलं तसं सांगतो.

पहिलं, अधिष्ठान. शंकराचार्यांनी भाष्यात याचा अर्थ शरीर असा केलाय, ज्याच्या आधारावर सगळं उभं राहतं. माझं शरीर काल बरं होतं. दुपारी झोप झाली होती, डोकं दुखत नव्हतं. ते शरीर कोणी जपलं? आईने आल्यापासून रोज वेळेवर भाकरी-भाजी वाढली आणि बायकोने मुलाला लवकर झोपवून घर शांत ठेवलं.

दुसरा, कर्ता. मी. हे नीट लक्षात घ्या. भगवंतांनी कर्त्याला यादीतून काढलेलं नाही. कोपरे सोडून मधोमध खेळायचं मी ठरवलं, ते खरंच होतं. ते केलं नसतं तर समोरच्याचं नेट कितीही अडकलं तरी माझे फटके बाहेरच गेले असते. पण कर्ता दुसऱ्या नंबरवर आहे. यादीत आहे, एकटा नाही.

तिसरं, करणं. डोळे, अंगठा, मन, बुद्धी. आपल्या काळाचा विस्तार करायचा तर मोबाईल, राउटर, आणि तो दुरुस्त करून गेलेला केबलवाला मुलगा. शुक्रवारपर्यंत माझंच नेट अडखळत होतं, हे मी विसरूनच गेलो होतो!

चौथं, चेष्टा. अनेक प्रकारच्या, वेगवेगळ्या हालचाली. मूळ अर्थ शरीरातल्या प्राणांच्या व्यापारांचा आहे. पण मला टेनिस बघताना वाटतं की एका पॉइंटमध्ये समोरच्याच्याही हालचाली असतात. तो खेळला म्हणून मी खेळलो. भिंतीला कोणी २-६ वरून हरवत नाही.

पाचवं, दैव. आपण दैव म्हणजे लॉटरी समजतो. शंकराचार्य इथे वेगळंच सांगतात. डोळ्यावर अनुग्रह करणारा सूर्य, तशा एकेका इंद्रियाच्या देवता, ते दैव. माझा डोळा कितीही चांगला असला तरी उजेड माझा नाही. मला हे फार आवडलं. दैव म्हणजे आपल्या डोळ्याला न विचारता मिळालेला उजेड. कालच्या रात्री तो उजेड माझ्या बाजूला होता आणि त्याच्या बाजूला दोन पॉइंट अंधार झाला.

कोणी म्हणेल, हा मोबाईलचा गेम, त्यात काय एवढं? खऱ्या टेनिसमध्ये जो चांगला खेळतो तोच जिंकतो. तर २०१९ ची विम्बल्डनची फायनल आठवा. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ ने पुढे, सर्व्हिस त्याची, स्कोअर ४०-१५. विजेतेपदाच्या दोन संधी. जोकोविचने दोन्ही वाचवल्या आणि ४ तास ५७ मिनिटांनी सामना जिंकला. पण सगळे पॉइंट मोजले तर फेडररचे २१८ आणि जोकोविचचे २०४. जास्त पॉइंट मिळवणारा हरला! जोकोविचची करामत यात तसूभरही कमी होत नाही, त्या दोन पॉइंटना मन स्थिर ठेवणं सोपं नाही. पण तेच सगळे फटके, फक्त गुण मोजायची पद्धत वेगळी असती, तर विजेता दुसरा असता. याच फेडररने २०२४ साली अमेरिकेतल्या डार्टमथच्या विद्यार्थ्यांना सांगितलं की त्याने एकेरीचे जवळपास ८० टक्के सामने जिंकले, पण पॉइंट फक्त ५४ टक्के. एवढ्या मोठ्या माणसाच्या कर्तृत्वातही फळ आणि प्रयत्न यांचा हिशोब सरळ जुळत नाही, तिथे माझ्या ९-७ चं काय घेऊन बसलात?

पण मंडळी, माझ्या मनाला खरी टोचणी दुसऱ्याच गोष्टीची लागली.

मी जेव्हा हरतो तेव्हा मला ही पाचही कारणं तोंडपाठ असतात. अंग दमलं होतं. मोबाईल गरम झाला होता. अंगठ्याला घाम आला होता. समोरचा विचित्र खेळत होता. नेट गेलं. अधिष्ठान, करण, चेष्टा, दैव, सगळं बरोबर सांगतो, फक्त कर्ता गाळतो. आणि जिंकलो की चारही गाळतो, फक्त कर्ता ठेवतो. भगवंत म्हणतात, योग्य असो वा अयोग्य, पाचही कारणं तीच. मी मात्र हरल्यावर चार वापरतो आणि जिंकल्यावर एक. गीता मला पाठ नाही असं नाही. ती मी सोयीने वापरतो, एवढंच.

हे मनात आलं आणि ऑफिसमधली एक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. लिहू की नको असं दोन तास चाललं होतं. लिहितोच.

पंधरा दिवसांपूर्वी आमची एक सिस्टीम रात्री बंद पडली. सकाळी सातच्या आत चालू झाली नसती तर मोठी अडचण होती. मध्यरात्रीपर्यंत आम्ही चाचपडत होतो, सगळं हरल्यासारखंच. पहाटे पाचला सिस्टीम चालू झाली. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. म्हणाले, एकहाती ओढून आणलं. मी "थँक यू सर" म्हटलं.

एकहाती नव्हतं ते. शेवटची दुरुस्ती मी केली, हे खरं. पण रात्री दीड वाजता ज्याने फोन करून सांगितलं की एका सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली दिसतेय, तो आमच्या सपोर्टमधला कंत्राटी मुलगा. आम्ही सगळे डेटाबेसमध्ये शोधत होतो, दुखणं भलतीकडेच होतं. त्याने दाखवलं नसतं तर मी सातपर्यंत डेटाबेसच उपसत बसलो असतो. तो त्या मीटिंगला नव्हता. कंत्राटी लोकांना त्या मीटिंगला बोलावत नाहीत. आणि त्याचं कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही, ते या महिन्यात ठरणार आहे.

माझं अप्रेझलही याच महिन्यात आहे. म्हणून पंधरा दिवस मी गप्प होतो. मनाला सांगत होतो, आता तो विषय जुना झाला, मुद्दाम कशाला काढायचा. इथेही मी समोरच्याच्या नावाशेजारचं लाल चिन्ह बघायचं टाळत होतो. फरक एवढाच की गेममध्ये ते मला दिसलं नव्हतं, आणि इथे दिसत होतं.

आज सकाळी साहेबांना मेल लिहिली. चाळीस मिनिटं लागली. पहिल्या खर्ड्यात मी किती प्रामाणिक आहे हेच जास्त होतं. दुसऱ्यात त्याच्या आधी माझ्याच दुरुस्तीचं वर्णन. तिसऱ्यात फक्त चार ओळी ठेवल्या. कोणी, किती वाजता, काय सांगितलं आणि त्याने काय वाचलं. रविवार आहे, उत्तर आलेलं नाही. उद्या काय होईल ते मला माहीत नाही. त्याचं कंत्राट वाढेल की नाही, माझ्या अप्रेझलवर काय परिणाम होईल, काही सांगता येत नाही. त्या फळालाही पाच कारणं आहेत. माझ्या वाट्याचं जे होतं, ते पंधरा दिवस उशिरा का होईना, केलं.

मेल पाठवल्यावर चहा घेताना आईला मॅचची सगळी गोष्ट सांगितली. नेट गेलं होतं ते सांगितलं. तिला मिलिसेकंद वगैरे काही कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मग पुन्हा खेळ की त्याच्याशी. त्याला सांगून."

गेममध्ये निरोप पाठवता येतो. मी लिहिलं की काल तुमचं नेट अडकलं होतं, ते मी आज पाहिलं, पुन्हा खेळणार का? तासाभराने त्याचा होकार आला. दुपारी खेळलो. दोघांचंही नेट उत्तम होतं.

३-७ हरलो.

हरल्यावर पहिला विचार काय आला सांगू? जेवण जरा जास्त झालं होतं, म्हणून अंगठा जड पडला. मग माझं मलाच हसू आलं. समोर बसलेल्या आईने विचारलं, "जिंकलास का?" म्हटलं, "नाही, तो जिंकला." या वेळी तिने "कोण तो" असं विचारलं नाही.

आजच्या दिवसाची साधना अगदी छोटी आहे. या आठवड्यात तुम्हाला मिळालेलं कुठलंही एक यश घ्या. मुलाचे मार्क, जमलेली पुरणपोळी, ऑफिसमधलं काम, काहीही. कागदावर त्याच्याखाली पाच ओळी आखा. दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव लिहा, संकोच करू नका, ती जागा भगवंतांनीच दिलेली आहे. मग उरलेल्या चार ओळी भरा. त्यात एखाद्या जिवंत माणसाचं नाव आलं आणि त्याला ते अजून सांगितलेलं नसेल, तर आज सांगा.

उद्या श्लोक १५. सर्वांना नमस्कार.

राम कृष्ण हरी.